जुन्या डेस्कटॉपला एसएसडी: साटा घ्यावी की एनव्हीएमई?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन "घरच्या पीसीला एसएसडी घालायची आहे" म्हटलं, की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "एनव्हीएमईच घ्या की, सुसाट पळतंय." एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारा, आत काही न फिरणारा वेगवान ड्राइव्ह, आणि एनव्हीएमई ही तिची थेट मदरबोर्डवर बसणारी जात. सल्ला खोटा नाही. पण तो तुमचा मदरबोर्ड न बघता दिलेला असतो आणि या खरेदीत शेवटचा शब्द मदरबोर्डचाच असतो.

साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलनं जोडायची, सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंत जाते. त्यापुढे साटाची क्षमताच संपते. जेन 3 ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, एनव्हीएमई 3,500 एमबीपर्यंत जाते आणि जेन 4 ची चांगली असेल तर 7,000 च्या आसपास. आकडे बघून कुणालाही मोह पडेल. पण घरच्या कामात जो फरक खरोखर जाणवतो, तो या दोघींमधला नव्हेच. तो हार्ड डिस्क आणि कुठलीही एसएसडी यांच्यातला आहे. 7200 आरपीएमच्या डिस्कला एखादी फाइल शोधायची तर तबकडी फिरून आणि हेड सरकून जागेवर यायला 12-13 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरच्या आतच शोध. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइल्स वाचायच्या असतात. टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क 100%' दिसतं आणि माउस अडखळत राहतो, ते त्यामुळे. एसएसडीला हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जमतो. साटावर विंडोज 15 सेकंदांत उघडत असेल, तर एनव्हीएमईवर त्यातले दोन-तीन वाचतील. मुलांचा प्रोजेक्ट, टॅली, यूट्यूब आणि ब्राउझरचे वीस टॅब यापुढे जे घर जात नाही, त्याला डोळे झाकून बसवलं तर दोन्ही ड्राइव्हमधला फरक सांगता येणार नाही.

फोरके (4K) व्हिडिओ एडिटिंग करत असाल, मोठमोठ्या फाइल्स इकडून तिकडे हलवत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथं एनव्हीएमई पैसे वसूल करून देते.

आता बोर्ड. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, 'एमएसइन्फो32' (msinfo32) टाइप करून एंटर मारा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर मॉडेल दिसेल. त्या नावात एच61 निघालं, तर विषय संपला, साटाच घ्या. हा 2011 चा चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप), असेंबल्ड मशीनमध्ये सर्रास बसवलेला. त्याचे साटा पोर्ट जुन्या 3 गिगाबिटचे असल्यामुळे 550 ऐवजी 270-280 एमबी मिळतील. मिळू देत, शोधाचा वेग तोच राहतो आणि मशीन ओळखू येणार नाही इतकं बदलतं. अशा बोर्डला ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटमध्ये अडॅप्टर घालून एनव्हीएमई बसवून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ड्राइव्ह दिसेल, पण त्या जुन्या बायोसवरून (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) विंडोज बूट होणार नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

एच81 वर दोन पोर्ट वेगवान, बाकीचे जुन्या वेगाचे. केबल कुठल्या पोर्टात जाते ते मॅन्युअलमध्ये बघून ठरवा. एच110 ला काही बोर्डांवर एम.2 स्लॉट (एनव्हीएमई बसायची जागा) आहे, काहींवर नाही, आणि असला तरी चिपसेटच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, जुन्या पिढीच्या असल्यामुळे जेन 3 चा ड्राइव्ह पूर्ण पळत नाही. त्याहून नवा बोर्ड असेल आणि एम.2 स्लॉट रिकामा असेल, तर खुशाल एनव्हीएमई घ्या. त्याच क्षमतेच्या साटाशी भावात फारसा फरक नसतो, केबलची कटकट नसते. एक मात्र पाहा: काही बोर्डांवर एम.2 भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टावर असली की "डी ड्राइव्ह गेला" म्हणून घरात गोंधळ.

बसवायला दोन्ही सोप्या. साटा एसएसडीसोबत डेटा केबल बहुधा येत नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या डीव्हीडी रायटरची केबल आणि पॉवर कनेक्टर काढून लावा, काम होतं. आत फिरणारं काही नसल्यानं ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये डबल टेपनं चिकटवला तरी चालतो. एनव्हीएमई स्लॉटमध्ये तिरकी सरकवायची, मग दाबून एका स्क्रूनं आवळायची. तो तिळाएवढा स्क्रू मदरबोर्डच्या खोक्यात येतो आणि खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं. दुकानातूनच मागून घ्या.

खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासा. रॅम 4 जीबीच असेल, तर एसएसडीबरोबर 8 करा, नाहीतर सुख अर्धंच मिळेल. दुसरं, विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 या सुरक्षेच्या चिपशिवाय आणखी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एच61 वाल्या मशीनला एसएसडी घातली म्हणून ते पात्र होत नाही. तरी माझं मत घालावी असंच. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून ते मशीन अजून काही वर्षं चालेल आणि नवं घेतलंत, तर हीच एसएसडी त्यात दुसरा ड्राइव्ह म्हणून बसेल.

जुनी हार्ड डिस्क फेकू नका. एसएसडी मरते तेव्हा बहुतेक वेळा आवाज न करता एकदम मरते. हार्ड डिस्क निदान कुरकुर करून सांगते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं ठेवायचा साठा एसएसडीवर नको. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन हार्ड डिस्कवरच असू द्यात आणि एक प्रत घराबाहेर. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या दारात आलं, त्यांना हे पटवावं लागणार नाही. मूळ डिस्क घेऊन माळ्यावर पळायची वेळ आलीच, तर आधी मशीन नीट बंद करा. फिरत्या डिस्कला धक्का सोसत नाही.

विंडोज क्लोन केलंत, म्हणजे जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं एसएसडीवर उतरवलंत, तर पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. मशीन फक्त एसएसडीवर उघडलं, की मगच ती परत जोडा, बायोसमध्ये बूटचा क्रम बघा आणि महिनाभर जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका.