स्टाइफचे मोहेरचे अस्वल: एक पावसाळा काढल्यानंतर

सध्या पॉलिएस्टरच्या गुबगुबीत प्राण्यांची चलती आहे आणि माझ्या कपाटातही त्यांचीच गर्दी आहे. जर्मनीत राहणाऱ्या बहिणीने स्टाइफ या जर्मन खेळणी कंपनीचे सुमारे 30 सेंटिमीटर उंचीचे मोहेरचे, म्हणजे शेळीच्या केसांचे अस्वल आणून दिले, त्याला आता बरेच महिने झाले. त्यातला अख्खा पावसाळा त्याने पुण्यात काढला असल्याने आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

पहिला फरक टणकपणाचा आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे आत लाकडाचा बारीक कीस ठासून भरलेला असल्यामुळे हे अस्वल मिठीत दबत नाही. मान, दोन्ही हात आणि दोन्ही पाय सांध्यांवर फिरतात, त्यामुळे ते आपण बसवू तसे बसते, आणि मला हीच गोष्ट सर्वाधिक आवडली. हातपाय हलणाऱ्या अस्वलाची कल्पना रिचर्ड स्टाइफ यांनी 1902 मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यांच्या आत्या मार्गारेटे यांना लहानपणी पोलिओ झाला होता. चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करणाऱ्या या बाईंनी 1880 मध्ये जर्मनीतल्या गिंगेन गावी टाचण्या टोचण्यासाठी फेल्टचा हत्ती शिवला, मुले त्याच्याशीच खेळू लागली आणि तेथून हा व्यवसाय उभा राहिला.

मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस. पॉलिएस्टरची लव सततच्या हाताळणीने गुठळते, मोहेरची चमक मात्र मऊ ब्रश फिरवला की परत येते. पण केस खरे असल्याने त्यांना कसर लागू शकते, आणि आपल्या दमट हवेत हा धोका मोठा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून मी ते सुती कापडात गुंडाळते, शेजारी कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवते आणि अधूनमधून सावलीत वारा देते. कडक उन्हात रंग उडतो. यंत्रात धुणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण आतला कीस भिजला की आकार बिघडतो. डाग पडल्यास किंचित ओल्या फडक्याने पुसावे.

कुशीत घेऊन झोपणाऱ्या लहान मुलासाठी हे घेऊ नये. त्यासाठी धुता येणारे, आयएसआय चिन्ह असलेले साधे खेळणे चांगले. भारतात 2021 पासून खेळण्यांवर ते बंधनकारक आहे.

संग्राहकांचे सारे लक्ष अस्वलाच्या कानातल्या बटणाकडे असते; ती कंपनीची खूण आहे. कंपनी 1904 पासून ते लावते. बटणाबरोबर नेहमीच्या खेळण्यांना पिवळा टॅग असतो, तर पांढरा टॅग मर्यादित आवृत्त्यांसाठी राखलेला असतो. माझा टॅग पिवळा असून हाताळणीने तो थोडा दुमडला आहे, पण तो मी कापणार नाही. पुढे किंमत वाढेल म्हणून मात्र कोणी हे घेऊ नये. 1993 मध्ये आलेल्या बीनी बेबीज या छोट्या कापडी प्राण्यांच्या टॅगना लोकांनी त्याच आशेने प्लॅस्टिकची आवरणे घातली आणि दशक सरता सरता तो बाजार कोसळला. जुने अस्वल घ्यायचेच असेल तर बटणाबरोबर सांधे ढिले झाले आहेत का ते पाहावे, केस विंचरून मुळाशी कसरीच्या खुणा शोधाव्यात आणि कुबट वास येत असेल तर ते घेऊ नये.