फिश टँकसाठी 'लिथियम बॅकअप' म्हणून वाळू भरलेला डबा विकतायत, सावध रहा

ज्यांच्या घरी फिश टँक आहे आणि पावसाळ्यात लाईट जाते म्हणून जे बॅटरी बॅकअप शोधतायत त्यांनी हे पूर्ण वाचा. मला 'अॅक्वेरियम स्पेशल लिथियम बॅकअप' म्हणून एक डबा ९,५०० रुपयांना विकला गेला, त्यात वाळू निघाली, आणि त्या पायी माझे मासे गेले. विकणारा अजून विकतोय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही चिपळूणला राहतो. जून-जुलैत वारा सुटला की कुठेतरी फांदी लाईनवर पडते, मग लाईट दोन तासात आली तर आली नाहीतर रात्र गेली. टँक चार फुटी आहे, साधारण अडीचशे लिटर, त्यात दोन टायगर ऑस्कर आणि काही सिल्व्हर डॉलर होते, मोठा ऑस्कर माझ्या मुलाने अगदी बोटाएवढा असताना आणलेला, नाव वाघ्या, तो काचेला हात लावला की धावत यायचा. एवढ्या मोठ्या माशांना ऑक्सिजन भरपूर लागतो. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, आणि नेमकं गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. लाईट गेली की पंप बंद, पाण्याचा वरचा थर हलायचा थांबतो आणि हवा आत जाणं जवळजवळ थांबतंच. फायटर, गोरामी हे मासे वर येऊन हवा घेऊ शकतात, ऑस्कर, गोल्डफिश यांना ती सोय नाही.

मोबाईलवर जाहिरात आली, त्यात एका मोठ्या टँकला डबा लावलेला व्हिडिओ, बाजूला घड्याळ, बारा तास झाले तरी फिल्टर चालू. फोन केला तर समोरचा माणूस एकदम माहितगार. टँक किती लिटरचा, कुठला फिल्टर, एअर पंप किती वॅटचा, हीटर लावता का, सगळं विचारलं. म्हणाला, "ताई, हीटर बॅकअपवर कधीच टाकू नका, शंभर वॅटचा हीटर कुठलीही बॅटरी खाऊन टाकेल." हे खरंच आहे, म्हणून तर माणूस पटतो. मग हिशोब सांगितला, १२ व्होल्ट ४० एएच (अॅम्पियर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) म्हणजे ४८० वॅट-अवर, तुमचा फिल्टर १८ वॅट आणि पंप ५ वॅट मिळून २३, म्हणजे वीस तास आरामात. हिशोबात काडीची चूक नाही. खोटा होता तो फक्त चाळीसचा आकडा. अर्धे पैसे आधी, अर्धे पार्सल आल्यावर, दोन्ही वेळा कुणाच्या तरी पर्सनल नावाच्या यूपीआयवर, आणि बिल म्हणून एक साधी कच्ची पावती, तिच्यावर जीएसटी नंबर नाही.

डबा दिसायला छान, निळा पत्रा, वर हँडल, परसेंट दाखवणारा डिस्प्ले, दोन सॉकेट. वजन पाचेक किलो, आणि आमच्या शेजारचे इलेक्ट्रिशियन काका हातात घेऊन म्हणाले की ४० एएचची लिथियम असेल तर एवढंच भरायला हवं. त्यामुळे वजनावरून कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं, ते वजन मुद्दाम तेवढं भरलेलं होतं हे नंतर कळलं. आल्या आल्या मेन स्विच बंद करून बघितलं, फिल्टर एक क्षणही न थांबता चालू राहिला. नंतरच्या आठवड्यात लाईट दहा-पंधरा मिनिटं जायची यायची तेव्हाही काम झालं. रिटर्नची मुदत सात दिवस. ही मुदत अशीच ठेवलेली असते, सात दिवसात रात्रभर लाईट जाईलच असं नाही आणि मुदत संपली की तुमच्या हातात काही उरत नाही. आणि तो परसेंटचा डिस्प्ले बघून फसू नका, तो फक्त व्होल्टेज मोजतो, आत बॅटरी किती मोठी आहे हे त्याला काही कळत नाही, लहानशी बॅटरी फुल चार्ज असली तरी तो शंभरच दाखवणार.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकराच्या सुमारास लाईट गेली. बॅकअप चालू झाला, डिस्प्लेवर शंभर, आम्ही निश्चिंत झोपलो. पहाटे जाग आली ती शांततेने, फिल्टरचा आवाज नाही. टॉर्च मारला तर सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकतायत आणि वाघ्या तळाशी एका कुशीवर, गिल्स उघड्याच राहिलेल्या. मुलाला उठवलं, दोघांनी मगने पाणी उंचावरून टँकमध्ये ओतायला सुरुवात केली, उजाडेपर्यंत आळीपाळीने तेच करत होतो. सिल्व्हर डॉलरपैकी बरेच वाचले. वाघ्या नाही वाचला आणि दुसरा ऑस्करही दुपारी गेला. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. कुणी म्हणेल माशांसाठी एवढं काय, पण ज्याने रोज हाताने खायला घातलंय त्याला विचारा.

फोन लावला तर पहिलं उत्तर, "ताई तुमचा फिल्टर जास्त वॅट खात असेल." फिल्टरवर १८ वॅट छापलंय म्हटलं तर म्हणे तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं त्याने बॅटरीची काशी झाली असेल. मग म्हणाला सेल बदलून देतो, फक्त अठराशे रुपये सर्व्हिस चार्ज पाठवा आणि डबा कुरिअर करा. हा दुसरा सापळा, असे पैसे अजिबात पाठवू नका, डबाही गेला असता आणि पुरावाही. मी म्हटलं मी उघडून बघते, तर आवाजच बदलला, सील तोडलं तर वॉरंटी संपली, मग माझ्याकडे यायचं नाही.

काकांनी सील तोडण्याआधी मुलाला सगळ्याचं शूटिंग करायला लावलं, स्टिकरपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एकही कट नाही. झाकण निघालं. वरच्या बाजूला एक छोटं इन्व्हर्टर सर्किट, त्याखाली थर्माकोल, थर्माकोल उचलला तर खाकी टेपने गुंडाळलेल्या दोन पिशव्या, ग्लू गनने तळाला घट्ट चिकटवलेल्या, हलवलं तरी आवाज येऊ नये म्हणून. काकांनी एकीला कटर लावला आणि बारीक काळपट वाळू टेबलावर सांडली. दोन्ही मिळून साडेतीन किलोच्या आसपास. बॅटरी म्हणून कोपऱ्यात फक्त सहा सेल, लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले १८६५० साईजचे, वरून नवीन जांभळं प्लास्टिक चढवून त्यावर '९९०० एमएएच' छापलेलं. या साईजच्या सेलमध्ये चांगली कंपनी सुद्धा साडेतीन-चार हजार एमएएचच्या पुढे जात नाही. प्लास्टिक काढलं तर टोकांना आधीच्या वेल्डिंगच्या पत्र्या उपटल्याच्या खुणा, म्हणजे भंगारातल्या लॅपटॉपचे सेल. काकांनी मोजले तर प्रत्येकी दीड हजार एमएएचच्या आत-बाहेर, सगळे मिळून तेहतीसेक वॅट-अवर. सांगितले होते ४८०. त्यात ते सर्किट स्वतःच चार-पाच वॅट खातं, म्हणजे माझे मासे बारा वाजून गेल्यावर लगेचच उघड्यावर पडले होते. आणि सेलचं चार्जिंग सांभाळणारं सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते नव्हतंच. असले जुने सेल तसेच चार्ज होत राहिले तर आग लागू शकते, आणि हा डबा लाकडी स्टँडमध्ये होता, वर अडीचशे लिटर पाणी आणि शेजारच्या खोलीत मुलगा झोपलेला. मासे गेले त्याचा राग आहेच पण या गोष्टीचा जास्त आहे.

आता तुम्ही काय तपासायचं. भारतात लिथियम सेलला बीआयएसचं (वस्तूंचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, त्यावर आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघता येतो. माझ्या डब्यावर नंबर होता, पण अॅपमध्ये तो भलत्याच कंपनीच्या मोबाईल चार्जरचा निघाला. दुसरं, विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण उतरेपर्यंत चालवून बघा. बारा व्होल्टचं आउटपुट असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा, नसेल तर माहीत असलेल्या वॅटचा साधा बल्ब सॉकेटला लावा, तो विझेपर्यंत किती तास लागतात ते बघा, वॅट गुणिले तास, झालं. थोडं कमी भरणारच, पण ४८० च्या ठिकाणी चारशे यावं, तीस नाही. विकणारा 'पूर्ण उतरवून बघू नका, बॅटरी खराब होते' म्हणाला तर घेऊच नका, एकदा उतरवल्याने चांगल्या लिथियमला काही होत नाही.

खरं तर एवढा मोठा डबा लागतच नाही हे मला नंतर काकांनी पटवून दिलं. बॅकअपवर फिल्टर नको, फक्त हवा हवी. आता मी बारा व्होल्ट ७ एएचची साधी सीलबंद लेड बॅटरी, जी ऑफिसच्या यूपीएसमध्ये असते, ती ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलीय, हजाराच्या आसपास पडते, आणि तिच्यावर पाचेक वॅटचा बारा व्होल्टचा एअर पंप थेट लावलाय, मधे इन्व्हर्टरच नाही. ८४ वॅट-अवर होतात, लेड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं धरलं तरी आठ तास निघतात. त्याच पंपाला टँकमधला स्पंज फिल्टर जोडलाय, म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरियाही जिवंत राहतात. लहान टँक असेल तर यूएसबीवर चालणारा दीड-दोन वॅटचा पंप आणि चांगल्या कंपनीची पॉवर बँक पुरते. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पंप थांबला की पाणी नळीतून उलटं बाहेर येतं. लाईट नसताना खायला घालू नका. आणि कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा) काही तास बंद राहिला तर आत पाणी कुजतं, लाईट आल्यावर तसाच चालू करू नका, आतलं पाणी ओतून मीडिया, म्हणजे आतलं गाळणीचं साहित्य, टँकच्याच पाण्यात धुऊन मग लावा.

तक्रारीचं सांगते. आधी १९१५ वर, म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाईनला नोंदवली, त्यांनी विक्रेत्याकडे पाठवली, त्याने उत्तरच दिलं नाही. मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकली. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, पण २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. पेमेंटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचं रेकॉर्डिंग, डबा उघडतानाचा व्हिडिओ सगळं जोडलंय, वाळूच्या पिशव्याही जपून ठेवल्यात. असा डबा कुणी घेतला असेल तर तोही उघडताना शूटिंग करा आणि तक्रार टाका, एकट्या माझ्यापेक्षा चार जणांच्या तक्रारी असल्या तर तो हात झटकू शकणार नाही. त्याचा जुना नंबर आता बंद आहे, पण बारा तासांच्या घड्याळाचा तोच व्हिडिओ परवा मला परत दिसला, कंपनीचं नाव नवीन, डबा हिरव्या रंगाचा आणि किंमत ८,९९९.