रिमोट व्ह्यूइंगचा ऑनलाइन कोर्स : पाचांतला एक फोटो

ताईचा फोन आला. म्हणाली, "दोघींचे पैसे भरलेत. आता नाही म्हणू नकोस."

कोर्स रिमोट व्ह्यूइंगचा, म्हणजे दूरची, डोळ्यांना न दिसणारी जागा किंवा वस्तू नुसत्या मनाने बघण्याचा. शिकवणारा अमेरिकन, वर्ग सहा आठवड्यांचा, आठवड्याला दोन बैठका, सगळं व्हिडिओवर. नाव लिहीत नाही, कारण असे कोर्स बरेच आहेत आणि सगळ्यांच्या जाहिराती थोड्याफार फरकाने तेच सांगतात : अमेरिकी सरकारने यावर वीस वर्षांहून जास्त काळ पैसे खर्च केले, शास्त्रज्ञांनी ते तपासलं आणि ते खरं निघालं. खाली बारीक अक्षरात, हरवलेल्या व्यक्ती शोधायला उपयोगी.

ताईने पैसे का भरले ते त्या शेवटच्या ओळीत आहे. तिचा मुलगा चार वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला. सुरुवातीला दोन मेसेज आले, मग तेही बंद झाले. म्हणून हा रिव्ह्यू मी वरवर लिहू शकत नाही. कोर्स घ्यायचा विचार करणारं आणखी कुणी याच कारणाने आलं असेल, तर त्यांनी सगळं वाचावं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की बावीस वर्षं मी साबण आणि अत्तरांच्या सुगंध चाचणीचं काम केलं. चाचणीच्या खोलीत प्रत्येक नमुन्यावर फक्त तीन आकडी क्रमांक असतो. बाटल्या भरणारी व्यक्ती वेगळी, वासाच्या पट्ट्या पुढे करणारी वेगळी, आणि पट्ट्या देणारीलाही कोणत्या क्रमांकात काय आहे ते माहीत नसतं. तीन पट्ट्या देतात, त्यांतल्या दोन सारख्या, एक निराळी. निराळी ओळखायची. अंदाजपंचे बोट ठेवलं तरी तिनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून एका बरोबर उत्तराला कुणी टाळ्या वाजवत नाही. ही सवय अंगात मुरलेली असल्यामुळे मला या कोर्समध्ये काय खटकलं आणि काय आवडलं, दोन्ही लगेच कळलं.

आधी आवडलेलं. शिकवण्याची पद्धत इंगो स्वान या चित्रकाराने आणि हॅरल्ड पुथॉफ या भौतिकशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत बसवलेल्या पायऱ्यांवर उभी आहे. तुम्हाला फक्त एक आकडा देतात, बंद पाकिटातल्या फोटोला दिलेला. तो ऐकला की कागदावर झटकन एक रेघ ओढायची, मग पोत, तापमान, रंग, वास अशा सुट्या संवेदना लिहायच्या, मग आकार, मग रेखाटन. आणि मनात एखाद्या वस्तूचं नाव आलं, "हा पूल आहे", "हे देऊळ आहे", तर ते बाजूला वेगळं नोंदवायचं, कारण ते नाव मनाने लावलेलं असतं. आमच्या पॅनेलला मी नेमकं हेच शिकवायचे. "गुलाब" म्हणू नका, गोड, पावडरसारखं, थोडं हिरवं असं लिहा. नाव घेतलं की नाक बंद होतं. शिक्षकाने हे फार नीट, न कंटाळता शिकवलं. ताई चौथ्या बैठकीपर्यंत इतकी शांत होऊन लिहायला लागली की मला तिच्याकडे बघून बरं वाटायचं. कोर्सला मी दोन तारे दिलेत ते यासाठीच.

खटकलं ते पुढे. तुमचं लिहून झालं की शिक्षक पाकीट उघडतो आणि एक फोटो दाखवतो. एकच. मग तुम्हीच तुमच्या कागदाची त्या फोटोशी तुलना करायची आणि दहापैकी गुण द्यायचे. पहिल्याच बैठकीत ताईने लिहिलं होतं : उभं, कठीण, थंड, खाली काहीतरी हलतंय. फोटो दीपगृहाचा निघाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही. पण मला त्याच वेळी दिसत होतं की फोटो धबधब्याचा, क्रेनचा किंवा नदीकाठच्या कारखान्याचा असता, तरी याच चार शब्दांनी तिने स्वतःला आठ गुण दिले असते.

मी शिक्षकाला विचारलं, "पाच फोटो दाखवा ना, आणि ज्याला बरोबर कोणता ते माहीत नाही त्याला निवडू द्या." उत्तर आलं की ही पद्धत सरकारने आधीच सिद्ध केलेली आहे, पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. तेव्हा मी ज्या तपासणीचा दाखला सगळे देतात ती वाचायला घेतली.

तो अहवाल २९ सप्टेंबर १९९५चा. अमेरिकी काँग्रेसने हा कार्यक्रम संरक्षण खात्याच्या गुप्तचर यंत्रणेकडून सीआयएकडे द्यायचं ठरवलं, आणि सीआयएने आधी अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेला त्याची तपासणी करायला सांगितलं. काम १९७२मध्ये एसआरआयमध्ये पुथॉफ आणि रसेल टार्ग यांनी सुरू केलं होतं. पुढे सैन्याचा एक छोटा गट मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथे बसून प्रत्यक्ष हेरगिरीसाठी हेच करत होता. नावं बदलत गेली, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, शेवटी स्टार गेट. सगळा मिळून खर्च सुमारे २ कोटी डॉलर. प्रयोगशाळेचा भाग १९९०च्या सुमारास एसआरआयकडून एसएआयसी कंपनीत गेला, तिथे एडविन मे प्रमुख होते.

तपासणीसाठी मुद्दाम दोन विरुद्ध मतांची माणसं घेतली. जेसिका उट्स, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संख्याशास्त्रज्ञ, ज्यांनी या संशोधकांबरोबर पूर्वी काम केलं होतं. आणि रे हायमन, ओरेगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, जे अशा दाव्यांची वर्षानुवर्षं चिकित्सा करत आले होते. ही निवड मला फार पटली. आमच्याकडेही नवीन सुगंध पसंत असलेला एक आणि नापसंत असलेला एक अशा दोघांना एकच आकडे दिले, की कुठे खरंच मतभेद आहे ते स्वच्छ दिसायचं.

आणि इथे जाहिरातीतलं अर्धं खरं निघतं. उट्स यांनी लिहिलं की इतर शास्त्रांना लावतो त्याच कसोट्या लावल्या तर हा परिणाम प्रस्थापित झालेला आहे. आकार लहान ते मध्यम, पण निरनिराळ्या ठिकाणी साधारण सारखा. नुसतं सिद्ध करण्यासाठी आणखी प्रयोग करण्यात फारसा अर्थ नाही, आता हे चालतं कसं ते शोधा. जाहिरात एवढंच उचलते. हायमन यांनीही आकडे नुसत्या योगायोगाने आले असं म्हणून झटकले नाहीत, हे मला वाचताना अनपेक्षित होतं. पण त्यांचं म्हणणं असं की योगायोग नाही एवढ्यावरून अतींद्रिय शक्ती आहे असं होत नाही. "इतर कुठलंही कारण सापडलं नाही" हीच जर त्या शक्तीची व्याख्या असेल, तर न सापडलेली चूकही त्याच नावाखाली मोडेल. दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या परीक्षकांसमोर तेच पुन्हा दिसलं पाहिजे.

परीक्षकाचा मुद्दा वाचताना मी दोनदा थांबले. एसएआयसीमध्ये लक्ष्य म्हणून, म्हणजे न बघता वर्णन करायची गोष्ट म्हणून, नॅशनल जिऑग्राफिकमधले फोटो वापरत, आणि परीक्षकाने पाच फोटो क्रमाने लावायचे, वर्णनाशी सगळ्यात जुळणारा पहिला. म्हणजे मी शिक्षकाकडे मागितलं तेच. हे चांगलंच होतं. पण परीक्षक बहुतेक वेळा एकच माणूस, आणि तो स्वतः प्रकल्पाचा प्रमुख. यात कुणी लबाडी केली असं हायमन म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण रोज त्याच तीन-चार लोकांची वर्णनं वाचणाऱ्याला कोण कशाला काय म्हणतं ते कळायला लागतं. आमच्या पॅनेलमध्ये एक बाई प्रत्येक लिंबूवर्गीय वासाला "उन्हाळा" लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचा कागद मी नाव न बघता ओळखत असे. तेव्हापासून मी स्वतः गुण मोजणं बंद केलं.

असं कसं घडतं याचं जुनं उदाहरणही आहे. एसआरआयच्या सुरुवातीच्या प्रयोगांत काही लोक एखाद्या जागी जायचे आणि व्ह्यूअर मागे बसून त्या जागेचं वर्णन करायचा; त्यांत पॅट प्राइस या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची वर्णनं फार गाजली होती. न्यूझीलंडमधल्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मूळ टिपणं पाहिली तेव्हा त्यांत आदल्या लक्ष्यांचे उल्लेख आणि दिवसाचा संदर्भ देणारी वाक्यं सापडली. परीक्षकांना जागांची यादी ज्या क्रमाने भेटी झाल्या त्याच क्रमाने दिलेली होती. एवढ्या धाग्यांवरून, वर्णन न बघताही जोड्या लावता येत होत्या. त्यांनी हे १९७८मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं.

पण ताईच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो अहवालाचा दुसरा भाग, आणि त्याबद्दल जाहिरातीत अक्षरही नाही. प्रयोगशाळेत काय दिसलं ते बाजूला ठेवून तपासनिसांनी ही सेवा वापरणाऱ्या गुप्तचर खात्यांतल्या लोकांना विचारलं, काही उपयोग झाला का? रिमोट व्ह्यूअरना आणि गटाच्या प्रमुखालाही विचारलं. निष्कर्ष स्पष्ट आहे. मिळालेली माहिती मोघम होती, तपशिलात चुकीची होती, तिचा अर्थ लावायला ऐकणाऱ्यालाच आपल्या पदरचं बरंच घालावं लागत होतं. एकाही प्रकरणात तिच्या आधारावर गुप्तचर कारवाईची दिशा ठरली नाही. आणि आधीच माहीत असलेल्या गोष्टींशी जुळावेत म्हणून काही अहवाल बदलले गेल्याचंही त्याच लोकांनी सांगितलं. १९९५मध्येच कार्यक्रम बंद झाला.

म्हणजे ज्या कामासाठी ताईने पैसे भरले, एक माणूस कुठे आहे ते सांगणे, त्याच कामात हे वीसहून जास्त वर्षांत उपयोगी पडलं नाही. उट्स यांचं सगळं म्हणणं खरं धरलं तरी हे बदलत नाही. पाचांतून एक फोटो योगायोगापेक्षा थोडा जास्त वेळा निवडता येणं वेगळं आणि पत्ता सांगणं वेगळं. हा फरक शिक्षकाला नक्की माहीत होता, कारण मी विचारल्यावर त्याने विषय बदलला. याच्याबद्दल मला राग आहे.

तरी मी ताईला नुसता अहवाल वाचून दाखवला नाही. आम्ही घरी करून पाहिलं. मी जुन्या कॅलेंडरांतून आणि मासिकांतून शंभर फोटो कापले, पाच-पाचचे वीस गठ्ठे केले, गठ्ठ्यातला एकही दुसऱ्यासारखा दिसणार नाही असे. माझ्या मुलीने तिच्या खोलीत फासा टाकून प्रत्येक वेळी लक्ष्य ठरवलं (सहा पडले की पुन्हा टाकायचा) आणि यादी स्वतःजवळ ठेवली. ताई लिहायची. गठ्ठा मी क्रमाने लावायचे, मलाही लक्ष्य माहीत नसायचं. त्यानंतरच मुलगी फोटो दाखवायची आणि ताई कोर्सच्या तक्त्यावर स्वतःचे गुण भरायची.

वीसपैकी चौदा वेळा ताईने स्वतःला सात किंवा जास्त गुण दिले. माझ्या क्रमवारीत लक्ष्य पहिलं आलं ते पाच वेळा. योगायोगाने चार वेळा यायला हवं होतं. यावरून काहीच सिद्ध होत नाही हेही सांगते. ताई खरोखर तिनातून एकदा ओळखत असती तरी वीस वेळांत सहा-सात बरोबर आले असते, आणि चार, पाच, सहा यांतला फरक इतक्या थोड्या वेळांत कळत नाही. त्यासाठी शेकडो वेळा करावं लागेल. पण चौदा आणि पाच यांतला फरक कळतो. तेवढं अंतर गुण कोण आणि कसे देतं, यातून आलं होतं. ताई तो कागद बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला दीपगृह दिसलं नव्हतं?" मी म्हटलं, "दिसलं असेलही ताई. या पद्धतीने ते कळणार नाही एवढंच."

परताव्यासाठी पत्र पाठवलं होतं. कोर्स पूर्ण केल्यामुळे पैसे मिळणार नाहीत असं उत्तर आलं. नियमांत तसं लिहिलेलं आहे, पण पैसे भरण्याच्या पानावर नाही. घ्यायचाच असेल तर ते आधी शोधून वाचा. आणि पहिल्याच बैठकीत चार जास्तीचे फोटो मागा. दिले तर पुढे जा.

शेवटच्या आठवड्यात शिक्षकाने प्रत्येकाला स्वतःचं लक्ष्य निवडायला सांगितलं. ताईने अर्थातच मुलाची खोली निवडली, तो आत्ता राहतो ती. तिने लिहिलं : खिडकी डावीकडे, जिना लाकडी, खालून पाण्याचा आवाज, भिंतीवर काहीतरी गोल. तो कागद तिने वर्गात दाखवला नाही. घरी आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तू आणखी चार लिही, वेगवेगळ्या खोल्यांची, याच्याएवढीच मोठी." मी लिहिली. तिने पाचही माझ्या मुलीकडून टाइप करून घेतली, तारीख घातली, पाकीट चिकटवलं आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलं.

"तो आला की त्याला निवडू दे," ती म्हणाली. "पाकीट तुझ्या मुलीने द्यायचं नाही, तिला माहितेय कुठलं माझं. आपणही नाही. बाहेरचं कुणीतरी."