फेरारी ३०८ जीटीएस: घ्यायची असेल तर चालवायला घ्या

नव्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली: सकाळी दुसरा गिअर पडत नाही. नाहीच पडणार. गिअरबॉक्समधलं तेल गार असतं. जबरदस्ती करायची नाही, पहिल्यावरून थेट तिसरा टाकायचा आणि गावाबाहेर पडेपर्यंत तसंच रेटायचं. तेल तापलं की दुसरा मुकाट्याने बसतो.

माझी गाडी १९७९ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटरमध्ये होतं. मी राहतो म्युनिकजवळ. तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला जर्मनीत ‘एच’ नंबरप्लेट मिळते, त्यामुळे रोड टॅक्स वर्षाला दोनशे युरोच्या आत बसतो. स्वस्ताई इथे संपली.

दिसण्याबद्दल काय बोलायचं, पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीतल्या फिओराव्हांतीने काढलेली रेघ आहे ती. इंजिनाचं बोलू. २,९२७ सीसीचं व्ही-८, पाठीमागे आडवं बसवलेलं, त्यावर वेबर कंपनीचे चार कार्बोरेटर. युरोपातल्या मॉडेलला २५५ अश्वशक्ती. १९८०मध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं आणि आकडा २१४वर घसरला. १९८२मध्ये सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह दिले तेव्हा कुठे २४० झाला. इंजेक्शनवाली चावी फिरवताच सुरू होते, कटकट कमी. तरी मी कार्बोरेटरवालीच घेईन.

पुण्यात आमच्या प्रीमियर पद्मिनीचा एकुलता एक कार्बोरेटर साफ करायचा म्हटलं की बाबांचा अख्खा रविवार जायचा. इथे चार, आणि प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे हवा आत ओढणारी तोंडं. आठही घशांतून हवा सारखी खेचली गेली पाहिजे. त्यासाठी एकेका तोंडावर गेज धरायचा, स्क्रू किंचित फिरवायचा, की शेजारचा बिघडतो. मग परत पहिल्यापासून. हात पेट्रोलने माखतात, बायको जेवायला हाका मारते. पण एका क्षणी आयडलिंगची धडधड मिटते आणि इंजिन एका सुरात लागतं. त्यानंतर साडेचार हजार आरपीएमच्या वर कानामागे जे सुरू होतं, त्यासाठी एवढा उपद्व्याप.

आता खर्च. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारे टायमिंग बेल्ट दोन. गाडी चालो न चालो, दर काही वर्षांनी बदलायचेच. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन कामातून जातं. ३०८चं बरं असं की इंजिन खाली न उतरवता बेल्ट बदलता येतात. फेरारीच्याच टेस्टारोसाचं अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणून टेस्टारोसा भिंतीवरच्या पोस्टरमध्येच बरी. एका वर्कशॉपने मला बेल्ट नवे घातले, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग मात्र जुनेच ठेवले आणि बिलात ‘संपूर्ण काम’ लिहिलं. तेव्हापासून काढलेले पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

कमी किलोमीटरवाल्या गाडीला भुलू नका. वर्षानुवर्षं कव्हराखाली उभ्या असलेल्या गाडीचे सील सुकतात, कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, टाकीला गंज लागतो. गुंतवणूक म्हणून गाडी कोंडून ठेवणाऱ्यांचं मला कोडंच आहे. जरा जास्त पळालेली, पण बिलांची जाड फाइल असलेली गाडी केव्हाही चांगली.

चालवायला पार्किंगमध्ये छळ आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, क्लच जड. पहिला गिअर डावीकडे खाली, आणि धातूच्या उघड्या खाचांतून दांडा सरकताना ‘खट’ वाजतो. सिग्नलला आजची साधी इलेक्ट्रिक गाडी मागे टाकून जाते, जाऊ दे. इटलीत, फेरारीच्या गावाहून, मारानेल्लोहून, दक्षिणेला आबेतोनेच्या घाटात, १,३८८ मीटरवर चढणाऱ्या रस्त्याला, तेच स्टिअरिंग हलकं होतं आणि रस्त्यातला बारीकसा खडासुद्धा तळव्याला कळतो. तिथे दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा एवढंच करत राहावं.

सामानाचं: डिकी इंजिनाला लागून, त्यामुळे तापते. चॉकलेट वितळतं, बाकरवडी छान कोमट राहते. छत काढलं तर ते सीटमागे ठेवावं लागतं, म्हणजे तीही जागा गेली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो फ्यूजबॉक्ससाठी: कनेक्शन तापून प्लॅस्टिक वितळतं, आणि ते नेमकं रात्री, हेडलाइट वर आल्यावर लक्षात येतं. सुधारित फ्यूजबॉक्स बाजारात मिळतो. गाडी घेतल्याबरोबर तो बसवून घ्या, रंगबिंग नंतर.