घोट्यावरचा जीपीएस टॅग: आरोग्याच्या बाजूने परीक्षण

जामिनावर, पॅरोलवर किंवा नजरकैदेत असलेल्या माणसाच्या घोट्याला, तो कुठे आहे हे सतत कळवणारा हा टॅग बांधतात. वजन मॉडेलनुसार साधारण १५० ते २०० ग्रॅम, पट्टा रबरी, आणि तो कापला की लगेच नियंत्रण कक्षाला कळतं.

कोठडीच्या तुलनेत टॅग बराच उजवा. चालू औषधं, नोकरी, घरच्यांचा सहवास तुटत नाही. तुरुंगातून सुटल्यानंतरचे दिवस जिवावर बेतणारे असतात: अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या २ आठवड्यांतला मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला, आणि सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस होतं. टॅग खरोखर तुरुंगाऐवजी लावला तर हा धोका टळू शकतो. एरवीही सुटलाच असता अशा माणसाला लावला, तर मात्र तो निव्वळ जादाचा भार.

सगळ्यात जास्त चूक होते ती बांधताना. पाय संध्याकाळी सुजतात, त्यामुळे सकाळी माणसाला खाली बसवून मापात बांधलेला पट्टा रात्री रुततो. उभं राहून माप द्यावं आणि पट्ट्याखाली एक बोट सहज फिरतंय का ते बघावं. फार सैल पट्टाही वाईट, कारण चालताना तो घोट्याच्या हाडावर आपटून कातडी सोलतो. मधुमेह, पायाला बधिरपणा, व्हेरिकोज व्हेन्स (पायावरच्या फुगलेल्या शिरा) किंवा गरोदरपण असेल तर बांधण्याआधीच लेखी कळवावं. बधिर पायाला जखम झालेली समजत नाही, आणि मधुमेहात ती चिघळायला वेळ लागत नाही.

अंघोळ चालते, पण साबणाचा फेस पट्ट्याखाली राहिला की पुरळ येतं. साध्या पाण्याने धुऊन, पातळ फडकं पट्ट्याखालून ओढून कोरडं करावं. कापूस किंवा जाड बँडेज परस्पर कोंबू नये. काही मॉडेलांत ती छेडछाड म्हणून नोंदली जाते. घामातून दारू मोजणाऱ्या टॅगला तर थेट त्वचेचा स्पर्श लागतो, आणि अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर किंवा लोशन जवळपास लावलं तरी खोटा इशारा जाऊ शकतो.

आमच्या मते खरा दोष चार्जिंगचा. रोज तासदोन तास, अनेक मॉडेलांत भिंतीच्या प्लगला वायरीने अडकून बसायचं. झोपेत चार्ज करू नये: कूस बदलताना पिन निसटते आणि पहाटे बॅटरी संपते. ते अटींचं उल्लंघन धरलं जाऊ शकतं, म्हणून माणूस रात्री दोनदा उठून टॅगवरचा दिवा तपासतो. शिवाय उंच इमारतींत आणि तळघरात टॅगने दाखवलेलं ठिकाण इकडेतिकडे उडतं. मनाई क्षेत्राची, म्हणजे जिथे जायला बंदी आहे त्या भागाची, हद्द जवळ असेल तर घरात बसल्या जागी इशारा वाजतो. झोप मोडते ती यानेच. पायातल्या टॅगलाच जोडता येणारी सुटी बॅटरी मिळत असेल तर तीच मागावी.

एमआरआयला टॅग चालत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन देखरेख अधिकाऱ्याकडून तो काढायची वेळ आधी ठरवावी लागते, आणि त्यात तपासणी पुढे ढकलली जाते. तातडीच्या वेळी दवाखान्याने पट्टा कापावा, वेळ आणि कारण कागदावर लिहून द्यावं आणि कापलेला टॅग रुग्णाच्या सामानात जपून ठेवावा.