इन्हेलर वापरणाऱ्यांसाठी एक उपयुक्त पुस्तिका
श्वसनोपचार तज्ज्ञांची अमेरिकेतील व्यावसायिक संघटना, म्हणजे १९४७ साली शिकागोत स्थापन झालेली ‘अमेरिकन असोसिएशन फॉर रेस्पिरेटरी केअर’, हिने इन्हेलर व नेब्युलायझरविषयी रुग्णांसाठी काढलेली विनामूल्य पुस्तिका खरोखरच कामाची आहे. पंपाचा फवारा सावकाश, खोल श्वासाबरोबर घ्यायचा, तर कोरड्या पावडरीचे औषध जोराने आणि झटक्यात ओढायचे, हा फरक तिथे पायरीपायरीने समजावला आहे. जमेल तर १० सेकंद श्वास रोखणे आणि स्टेरॉइडनंतर चूळ भरून पाणी थुंकणे, हेही सुटलेले नाही. (औषधाच्या दुकानात एवढे सहसा कोणी सांगत नाही.) मात्र ती मराठीत नाही आणि उपकरणे अमेरिकी बाजारातली असल्याने आपल्याकडच्या रोटाकॅप (इन्हेलरमध्ये घालून ओढायची पावडरीची कॅप्सूल) वापरणाऱ्यांना मेळ स्वतःच घालावा लागतो.