कोबेमधल्या एका ‘स्नॅक’मध्ये गाण्याची रात्र

जपानमध्ये ‘स्नॅक’ म्हणजे फराळ नव्हे. आठ-दहा खुर्च्या, एक लांब ओटा, ओट्यामागे दुकान चालवणाऱ्या बाई, थोडे खाणे, मद्य आणि कराओकेचे यंत्र एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या छोट्या मद्यगृहाला तिथे स्नॅक म्हणतात. कोबे शहरातील सान्नोमिया स्थानकाच्या उत्तरेकडील गल्ल्यांमध्ये अशी मद्यगृहे एकेका इमारतीत मजल्यामजल्यावर आहेत. मी आणि माझी धाकटी बहीण गेल्या नोव्हेंबरात तिथल्या एका स्नॅकमध्ये सुमारे तीन तास बसलो, गायलो आणि त्याहून जास्त ऐकले. परदेशात स्थानिक लोकांबरोबर गाण्याची इच्छा असलेल्यांसाठी हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

त्यासाठी कोबेच निवडण्याला कारण होते. याच शहरातील मद्यगृहांमध्ये वादक म्हणून काम करणाऱ्या दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये नाणे टाकून साथीचे संगीत वाजवणारे यंत्र तयार केले. एका गिऱ्हाइकाला सहलीत साथीला वादक हवा होता आणि इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी साथ ध्वनिफितीवर भरून दिली, आणि त्यातूनच यंत्राची कल्पना सुचली. शिगेइची नेगिशी यांनी 1967 मध्येच तोक्योत असे यंत्र बनवले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाला द्यायचा यावर मतभेद होऊ शकतात. इनोउए यांनी मात्र आपल्या यंत्राचे पेटंट घेतले नाही, आणि जगभर पसरलेल्या या उद्योगाचा उगम या अरुंद गल्ल्यांमध्येही आहे, ही गोष्ट तिथे बसल्यावर फार जवळची वाटते. शिवाय 1893 मध्ये मुंबई आणि कोबे यांच्यात नियमित जहाजसेवा सुरू झाली होती आणि कापसाच्या त्या व्यापाराशी जमशेटजी टाटांचे नाव जोडलेले आहे. त्यामुळे हे बंदर आपल्याला अगदीच परके नाही.

स्नॅकची सर्वांत मोठी अडचण दारातच असते. दाराला काच नसते, आत कोण आहे आणि किती पैसे पडतील हे बाहेरून कळत नाही. पहिल्या ठिकाणी ‘केवळ सभासदांसाठी’ अशी पाटी होती, आणि तरीही विचारल्यावर आम्हांला नम्रपणे परत पाठवण्यात आले. त्यानंतर आमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याने दूरध्वनी करून दोघींसाठी जागा ठेवली आणि माणशी 3,000 येनमध्ये बसणे, पहिले पेय, छोटी बशी आणि गाणी सगळे येईल, हेही विचारून घेतले. हे आधी विचारून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, आणि रस्त्यावर उभे राहून आत बोलावणाऱ्या दलालांच्या मागे तर कधीच जाऊ नये.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘मामा’ म्हणतात. आपल्या कानांना मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे पहिल्यांदा हाक मारताना जीभ अडखळते. आम्ही बसताच मामांनी वाफाळता ओला रुमाल हातात दिला, आणि तो घेताना माझे लक्ष त्यांच्या मागच्या फळीकडे गेले. तिथे व्हिस्कीच्या आणि शोचू या जपानी मद्याच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचे नाव होते. बाटली विकत घेऊन तिथेच ठेवायची आणि पुढच्या वेळी उरलेली प्यायची, अशी ही पद्धत आहे.

गाण्याची रीत मला फार आवडली. लागोपाठ दोन गाणी कोणी घेत नाही. स्पर्शपटलावर गाणे निवडून ते पटल शेजाऱ्याकडे सरकवायचे असते. दुसरा गात असताना गप्पा चालू राहिल्या तरी दर कडव्याच्या शेवटी टाळी पडतेच. सत्तरीच्या एका गृहस्थांनी ‘एन्का’ या जुन्या वळणाचे गाणे म्हटले, आणि त्यात स्वराला गळ्यातून जो झोल देतात, ज्याला ते ‘कोबुशी’ म्हणतात, तो ऐकून आम्हा दोघींच्या तोंडून एकदमच दाद निघाली, कारण आपल्याकडची मुरकी ऐकलेल्या कानाला ती जागा नेमकी कळते. त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले आणि गाणे संपल्यावर वाकून नमस्कार केला. काही यंत्रे गाण्यानंतर गुण देतात आणि कोबुशी किती वेळा घेतली हेही मोजून दाखवतात, पण मामांनी ती सोय बंद ठेवली होती, आणि ते योग्यच होते.

माझी पाळी आली तेव्हा पटलावर शोधूनही मराठी गाणे सापडले नाही. मामांनी यंत्र थांबवले आणि तसेच म्हणा, अशी खूण केली. आजीच्या भजनी मंडळात ऐकलेली एक गवळण मी म्हटली. पहिल्या ओळीला सगळे नुसते ऐकत होते. दुसऱ्या ओळीला त्याच गृहस्थांनी ओट्यावर बोटांनी ठेका धरला, आणि ध्रुवपद परत आले तेव्हा मामांनी ओट्याखालून खंजिरी काढून अचूक समेवर वाजवली. अशा खंजिऱ्या या दुकानांमध्ये ठेवलेल्याच असतात. शब्द कोणालाही कळत नव्हते, तरी तिसऱ्या वेळी शेवटचे दोन स्वर सगळ्यांनी आमच्याबरोबर ओढले. त्या क्षणासाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आत सिगारेट ओढण्यास परवानगी होती आणि धुराचा वास दुसऱ्या दिवशीही कपड्यांना होता. आपोआप येणाऱ्या छोट्या बशीतील उकडलेल्या भाजीत माशाचा अर्क असतो, त्यामुळे कडक शाकाहारी व्यक्तीने ती आधीच नको म्हणून सांगावी. आम्हांला बदल्यात भाजलेले शेंगदाणे मिळाले. इंग्रजी कोणालाच फारसे येत नव्हते आणि फोनवरील भाषांतरावर काम चालले. पैसे रोखीतच द्यावे लागले. दोघींचे मिळून, एकेका जादा पेयासह, 7,400 येन झाले, आणि मामांनी हिशोब हाताने लिहिलेल्या कागदावर दाखवला, त्यात एकही अनपेक्षित आकडा नव्हता.

मित्रांच्या गटाला चार भिंतींत मनमुराद ओरडायचे असेल, तर तासावर भाड्याने मिळणाऱ्या कराओके खोल्या स्वस्त आणि सोयीच्या आहेत, पण तिथे ऐकणारे आपलेच असतात. स्नॅकसाठी दोघे किंवा तिघेच जावे, कारण चौथ्याला खुर्ची मिळेलच असे नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री आठच्या सुमारास गेल्यास बसायला जागा असते, आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास सुटते, तेव्हा तिची वेळ आधीच पाहून ठेवावी.